बावीस दिवसांची लेक

माझ्या धाकट्या बहिणीला माझी सवत म्हणून मागायला मीच गेले होते. हे आधीच सांगून टाकते. त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

माझं लग्न दहाव्या वर्षी झालं, चौदाव्या वर्षी मी नांदायला आले. सासर डोंगरकड्याच्या बाजूला, माहेर जवळा बाजारच्या अंगाला. दोन्ही घरं मेंढरं राखणाऱ्यांची, पोटापुरती कोरडवाहू जमीन असलेली. बैलगाडीनं सकाळी लवकर निघालं तर दिवस मावळताना पोचता यायचं. तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि मला बहीण मागायला जायची वेळ आली तेव्हा तिकडं कुठंतरी मोठी लढाई चालू होती. आम्हाला तिची खबर एवढीच, की घासलेट मिळत नाही आणि धडुतं महाग झालंय.

सासरी आम्ही तिघंच होतो. मी, माझे मालक आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंना आठ लेकरं झाली, त्यातले एक माझे मालक तेवढे जगले. बाई अंगानं बारीक, बोलायला कमी. सुगी झाली की मालक मेंढरं घेऊन बाहेर पडत. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि ज्वारी देत. चार-चार महिने ते घरी नसत. पहिल्या दोन-तीन वर्षांत लेकरू झालं नाही तेव्हा शेजारणी म्हणायच्या, माणूस घरी टिकला तर होईल की. नंतर त्यांनी तेही म्हणायचं सोडलं.

औंढ्याला सोमवार केले. एका दर्ग्याला चादर चढवली. वैदूनं दिलेल्या मुळ्या उगाळून घेतल्या, त्यानं नुसती पोटात आग व्हायची. एकदा मालकांनी हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं माझ्याकडं न बघता मालकांनाच चार सवाल विचारले आणि लाल औषधाची बाटली दिली. ती संपली, दुसरी आणली, तीही संपली.

सगळ्यात तकलीफ व्हायची ती महिन्याच्या चार दिवसांची. तेव्हा बाईनं घरातलं काही शिवायचं नाही, ओसरीच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं. आमची ओसरी रस्त्यावर. पाण्याला जाणारी येणारी प्रत्येक बाई बघायची, की ह्या महिन्यालाही ही बाजूला बसली. कुणी काही बोलत नसे. नुसती नजर माझ्यावरून घागरीवर जायची. गावात कुणाची ओटी भरायची असली, बारसं असलं, की बोलावणं आत्याबाईंना यायचं. मला बोलावलं नाही म्हणून त्याही जायच्या नाहीत. काही कारण सांगून घरी राहायच्या.

सातव्या की आठव्या वर्षी एकदा माझी पाळी दोन महिने चुकली. आत्याबाईंनी चार घरी गूळ वाटला. तिसऱ्या महिन्यात सकाळी धुणं धुताना मला कळलं, की काही नाही. त्या दिवशी ओसरीवर जाऊन बसायला मला जेवढं जड गेलं तेवढ्या नंतर फार थोड्या गोष्टी जड गेल्या. आत्याबाई बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं, आत गेल्या आणि चुलीपुढं बसून राहिल्या. भाकरी करपल्याचा वास बाहेर आला तरी उठल्या नाहीत.

अकरावं वर्ष सरलं तेव्हा मीच त्यांना म्हणाले, परकी पोरगी आणून रोज घरात कटकट नको. माझी बहीण पंधराची झालीय. तिला आणू.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "तुला झेपंल का?"

मी म्हणाले, झेपंल.

माझी आई गेली तेव्हा ही बहीण तीन वर्षांची होती आणि मी तेरा. नांदायला येईपर्यंत वर्षभर तिला मीच न्हाऊ घातलं, भरवलं. मी सासरी निघाले तेव्हा ती गाडीमागं ओढ्यापर्यंत पळत आली होती. तिला मागायला मी फाल्गुनात माहेरी गेले. बा ओसरीवर बसून सूत कातत होते. ऐकून त्यांची चाती थांबली. मालकांना विचारलंस का म्हणाले. मी म्हटलं, ते काही बोलत नाहीत, म्हणजे हो. ही बाहेर गोवऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकलं. संध्याकाळी तिची वेणी घालायला बसले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "आक्का, तिथं बी मी तुला आक्काच म्हणायचं ना?"

मी व्हय म्हणाले आणि वेणी उसवून पुन्हा घातली, कारण वाकडी झाली होती.

लग्न पुढच्या माघात ठरलं. आणि जेठात माझी पाळी चुकली.

मी कुणाला सांगितलं नाही. मागच्या वेळचा गूळ मला आठवत होता. दुसऱ्या महिन्यातही काही नाही, तेव्हा मी काय केलं, तर खोटंच चार दिवस ओसरीवर जाऊन बसले. आत्याबाईंनी आशा धरू नये म्हणून. त्यानंतर थोडं डाग लागल्यासारखं झालं, मला वाटलं आलीच, पण तेवढ्यावरच थांबलं. शेवटी पोळ्याच्या सुमाराला चुलीपुढं बसले असताना भाजीच्या वासानं उमळून आलं आणि मी परसात पळाले. आत्याबाई मागं आल्या, पाठीवर हात ठेवला. कितवा, म्हणून त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. खोटं बसले होते तो महिना धरायचा की नाही, डाग लागला तो धरायचा की नाही, माझाच माझ्या दिवसांचा हिशेब हुकला होता. मी म्हणाले, दुसरा संपला असल. त्यांनी तेच धरलं.

ह्या वेळी गूळ वाटला नाही. बांना मात्र निरोप गेला, की माघाचं राहू द्या. निरोप ऐकून माझी बहीण रानात जाऊन रडली, असं बांनी मला नंतर सांगितलं. कशासाठी रडली ते त्यांनाही कळलं नव्हतं, आणि मीही तिला कधी विचारलं नाही.

त्या महिन्यांत मला काही उचलू दिलं नाही. पाणी आत्याबाई आणायच्या. मालक त्या वर्षी मेंढरं घेऊन लांब गेले नाहीत, आजूबाजूच्या शिवारातच बसवली. सगळं बराबर चाललं होतं. सातवा लागला तेव्हा मीच हट्ट धरला, की माझी ओटी माहेरी भरायची.

मालक नको म्हणाले. थंडी आहे, रस्ता खडकाळ आहे, इथंच भरू. आत्याबाईंचंही तेच म्हणणं. पण मला माझ्या बापाच्या अंगणात पाटावर बसायचं होतं. ज्या बायका माझ्याबरोबर खेळल्या, ज्यांना चार-चार लेकरं झाली, ज्यांनी मला अकरा वर्षं कशालाही बोलावलं नाही, त्यांनी येऊन माझी ओटी भरायला हवी होती. मी मालकांना म्हणाले, "एवढ्या वर्षांत तुमच्यापाशी काही मागितलं न्हाई. एवढं करा."

त्यांनी गाडीत हातभर कडबा पसरला, वर तीन घोंगड्या घातल्या. आणि साऱ्या रस्त्यानं गाडीत न बसता बैलांच्या म्होरं चालले. मोठा दगड दिसला की बैल थांबवायचे, दगड बाजूला करायचे, मग पुढं. पोचायला दिवस मावळून गेला.

ओटी भरली. हिरवी चोळी, नारळ, तांदूळ, पाच सुवासिनी. बोलावल्या त्या सगळ्या आल्या. खोटं कशाला सांगू, मी त्या दिवशी ताठ बसले होते. कुणाकडं खाली मान घालून बघितलं नाही. माझी बहीण सारखी आतबाहेर करून राहिली होती, येईल त्या बाईला सांगत होती, आता मी मावशी होणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालक मेंढरांकडं परत गेले. दुपारी मी अंगणात उन्हाला बसून तुरी निवडत होते. काही उचललं नाही, कुठं घसरले नाही, कुणी काही बोललं नाही. नुसती बसले होते, आणि लुगडं ओलं झालं. मी हाक मारली तेव्हा बहीण धावत आली. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तशीच सुईणीला आणायला पळाली.

सुईण येईपर्यंत कळा सुरू झाल्या. ती म्हणत होती, थांबव, पाय जुळवून पड, अजून वेळ आहे लेकराला. माझ्या हातात होतं का ते? दिवस मावळायच्या आत पोरगी झाली.

ती रडली नाही. मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढला, दोनदा. सुईणीनं दाखवली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे लेकरू नाही, लेकराच्या आतलं काहीतरी आहे. अंग लालभडक, कातडीखालच्या शिरा दिसत होत्या. पाठीवर आणि खांद्यावर बारीक लव. कानाची पाळी घडी पडली की तशीच राहायची, बोटानं उलगडावी लागायची. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत तिची लांबी, त्याहून थोडी जास्त असेल. सुईण म्हणाली, जीव आहे, पण मन गुंतवू नका.

 बहिणीनं चोळीची गाठ सोडली, पोरीला उघडीच छातीला लावली आणि वरून घोंगडी घेतली. दिवस भरायच्या आधी जन्मलेलं कोकरू आमच्या घरी असंच जगवायचे. तिनं ते लहानपणापासून बघितलं होतं. त्या घडीपासून बावीस दिवस ती पोरगी बहुतेक वेळ तिच्याच अंगावर होती. मला ताप होता, अंगात कापरं भरायचं, म्हणून सुईणीनं मला जवळ घेऊ दिलं नाही.

बांनी एक माणूस सासरी पाठवला होता. तिसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. इवायाच्या, लेकाच्या सासऱ्याच्या घरी पाणी प्यायलाही संकोच करणारी ही बाई, काखेत कोकरांच्या मऊ लोकरीचं गाठोडं घेऊन सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरली. पोरीला बघितलं. तोंड जराही हललं नाही. एका टोपलीत कापूस आणि लोकर घालून त्यांनी घर केलं, बाजूला निखाऱ्याची शेगडी ठेवली, आणि बहीण जेवायला, आंघोळीला उठली की तेवढ्यापुरती पोरगी त्या टोपलीत ठेवायची, असं ठरवून दिलं. दाराला गोणपाट लावलं. खोलीत आम्ही तिघी आणि सुईण, बाकी कुणी यायचं नाही म्हणाल्या.

आमच्याकडं म्हणतात, सातव्या महिन्यातलं लेकरू जगतं, आठव्यातलं जगत नाही. का ते कुणालाच सांगता येत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. आत्याबाईंनी मला विचारलं, नीट आठवून सांग. मी म्हणाले, सातवाच. सुईण पोरीची नखं बघत म्हणाली, मला तर आठवा लागल्यासारखा वाटतोय.

"सातवा हाय," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या ध्यानात हाय सगळं. सातवाच."

त्यांच्या ध्यानात जे होतं ते मी सांगितलेलं होतं. मी भिंतीकडं तोंड करून पडले. ओसरीवर खोटं बसले तो महिना मी पुन्हा पुन्हा मोजत होते. एकदा सात यायचे, एकदा आठ.

चौथ्या दिवशी मला दूध आलं, एवढं की चोळी भिजायची. पण पोरीला ओढायची ताकद नव्हती. आत्याबाई वाटीत दूध काढायला लावायच्या, कापसाचा बोळा त्यात भिजवायच्या आणि तिच्या ओठावर धरायच्या. थेंब जिभेवर पडला की बराच वेळ काही नाही, मग गळा हलायचा. तो हलला की आम्ही तिघी एकदमच श्वास सोडायचो. दहा थेंब गेले तरी पुष्कळ. थोड्या वेळानं पुन्हा दहा.

आणि ती श्वास विसरायची. चांगली निजलेली असायची आणि एकदम छाती हलायची थांबायची, ओठ निळे पडायचे. मग बहीण तिच्या तळपायावर बोटानं टिचकी मारायची. एक, दोन. पोरगी दचकायची आणि पुन्हा श्वास घ्यायची. म्हणून तिच्याकडं बघत कुणीतरी जागं राहायचंच. आत्याबाई आणि बहीण आळीपाळीनं निजायच्या. पंधरा वर्षांची पोरगी, पण एकदाही डुलकी लागली म्हणून चूक झाली नाही तिची.

बा म्हणाले, हिंगोलीला दवाखान्यात न्यावी का? आत्याबाईंनी बाहेरच्या थंडीकडं बोट दाखवलं. एक दिवसाची वाट, उघडी गाडी. न्यायला हवी होती की नको, हे मला आजही सांगता येत नाही.

मालक पाचव्या दिवशी आले. दारातूनच बघितलं आणि मेंढरांकडं गेले. पुन्हा बाराव्या दिवशी आले. त्या दिवशी बारसं व्हायचं, पण आत्याबाई म्हणाल्या, थोडी अंगात भरू दे, सव्वा महिन्यानं करू. तोवर नाव घ्यायचं नाही. बहिणीनं गोणपाट बाजूला करून पोरीला दाराशी आणलं आणि मालकांना म्हणाली, घ्या की. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मग मागं घेतले, विहिरीवर जाऊन धुऊन आले, निखाऱ्यावर शेकले. पुन्हा पुढं केले आणि पुन्हा मागं घेतले.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "माझे हात लई गार हायेत."

दोन आठवडे गेले आणि आम्हाला धीर यायला लागला. तिच्या गालाचा लालपणा कमी झाला, डोळे उघडायला लागली. माझा ताप उतरला होता, त्यामुळं दिवसातून थोडा वेळ ती माझ्या अंगावर असायची. एकोणिसाव्या दिवशी तिनं पहिल्यांदा स्वतः दूध ओढलं. तीन-चार घोटच, पण ओढलं. आत्याबाई उठून बाहेर गेल्या. त्या कुणाला तरी सांगायला गेल्या असतील असं वाटलं. नंतर बहिणीनं सांगितलं, त्या गोठ्यात उभ्या राहून रडत होत्या. त्या दिवशी मी मनात तिचं नाव ठरवलं. कुणाला सांगितलं नाही, आणि आता इथंही सांगत नाही.

एकविसाव्या दिवशी ती जरा शिंकली. दूध कमी घेतलं. बाविसाव्या दिवशी सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, अंगणात भिंतीच्या आडोशाला घेऊन बस, उन्हानं बरं वाटंल तिला. बहीण आंघोळीला गेली. आत्याबाई आत शेगडी भरत होत्या. मी पोरीला मांडीवर घेऊन बसले. तिनं डोळे उघडले होते. उजेडानं मिटले.

मग छाती थांबली. मी टिचकी मारली. एक, दोन. दचकली, पण श्वास आला नाही. पुन्हा मारली. तळपाय लाल होईपर्यंत मारत राहिले.  आत्याबाई बाहेर आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पुरं कर, बाई. तिला लागंल."

बहीण ओल्या केसांनी आली. तिनं पोरीला माझ्याकडून घेतलं आणि नेहमीसारखी चोळीच्या आत छातीला लावली. उन्हात तशीच बसली. आम्ही कुणी तिला काढायला लावलं नाही. दुपारी मालक आले तोवर ती तशीच बसली होती.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मालकांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते तेव्हा. आम्ही बायका गेलो नाही. बांनी सांगितलं, की खड्डा खणायला मालकांनी कुणाला हात लावू दिला नाही, आणि कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून वर बाभळीच्या एवढ्या फांद्या आणून टाकल्या, की हात सोलपटून निघाले होते.

दूध मात्र थांबेना. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंनी छाती घट्ट बांधली, कुठला तरी पाला वाटून लावला. रोज सकाळी वाटीभर काढून टाकावं लागे. बहीण ती वाटी घेऊन जायची. कुठं ओतायची ते मी विचारलं नाही.

सुतक फिटल्यावर आम्ही सासरी परतायची तयारी केली. आदल्या संध्याकाळी मी आत्याबाईंना म्हणाले, की आता माघ आलाच आहे. ठरल्याप्रमाणं लग्न करून घ्या. माझ्या मनात काही नाही. खरंच तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं, चांगलं नाही की वाईट नाही.

त्या गाठोडं बांधत होत्या. उरलेली लोकर त्यात कोंबत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्या पोरीनं आपलं लेकरू बावीस दिवस अंगावर वागवलं. तिला मी तुझी सवत करू? मला देव काय म्हणंल?"

मी म्हटलं, मग वंशाचं काय?

"सात पुरलेत मी," त्या म्हणाल्या. "आता आठ झाले. मला आणखी नकोत."

एवढंच. मालकांना विचारलं तर तेही नको म्हणाले. आमच्या भावकीनं पुढं दोन-तीन वर्षं हा विषय काढून बघितला. एकदा तर मुलीचा बाप घरी येऊन बसला होता. मालक मेंढरं वळवायला म्हणून निघून गेले ते तिसऱ्या दिवशी आले. मला पुन्हा दिवस गेले नाहीत.

बहिणीचं लग्न दुसऱ्या वर्षी झालं. पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात दिली तिला. चांगलं घर मिळालं. वर्षाच्या आत तिला दिवस गेले. पहिली खेप माहेरीच व्हायची, आई नाही, तर बाळंतपणाला मीच जायचं हे मी धरून चालले होते. लेकराला गुंडाळायला धडपं शिवून ठेवली होती. तिच्या सासरहून बांना निरोप आला, की बाळंतपण आम्हीच करू, आणि थोरल्या बहिणीला तेवढं बोलावू नका. बांनी निरोप मला अर्धाच सांगितला. उरलेला अर्धा माझा मला कळला. माझा तिच्या सासूवर राग नाही. तिच्या जागी मी असते तर मीही भ्याले असते. पण बहिणीनं हट्ट करून मला बोलावलं असतं तर, असं अजूनही मनात येतं. ती तरी काय करणार होती? तिला मुलगा झाला. तो रांगायला लागल्यावर ती त्याला घेऊन आली, तेव्हा मी त्याला घेतलं, खेळवलं. ती सारखी माझ्या हाताकडं बघत होती. मला भ्याली म्हणून नाही, तिला तेच आठवत होतं म्हणून. आम्ही दोघींनी त्या बावीस दिवसांतला एक शब्दही काढला नाही.

पुढं निजामाचं राज्य जायच्या आधीचं ते धामधुमीचं वर्ष आलं. आमच्या भागातली पुष्कळ माणसं घरं सोडून नदीपलीकडं वऱ्हाडात गेली. आम्हाला जाता आलं नाही, कारण आत्याबाई तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. मालक म्हणाले, आईला गाडीत घालून हाल करायचे नाहीत. रस्ता, गाडी हे शब्द आमच्या घरात पोरगी गेल्यापासून जपूनच बोलले जायचे. गल्ली ओस पडली होती. मी दिवसभर त्यांच्या उशाशी बसून असे.

एका दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "लेकराला पाजलं का?"

मला आधी कळलंच नाही. वाटलं कोकराचं विचारताहेत. मी म्हटलं, कुठलं लेकरू? तशा त्या चिडल्या. म्हणाल्या, कुठलं म्हंजे? दाराचं गोणपाट खाली सोड, वारं येऊन राहिलं.

मी उठले आणि दार लोटलं. परत येऊन बसले.

"पाजलं का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"व्हय, आत्याबाई. पाजलं."

"किती थेंब गेले?"

"लई गेले. आता सोताच ओढती."

त्या पुढं आठ दिवस जगल्या. रोज विचारायच्या, आणि मी रोज सांगायची. निजली म्हणून सांगायची, डोळे उघडून बघती म्हणायची, नखं वाढली म्हणायची. बोलता बोलता मला सुचत जायचं. मालक दारात उभे राहून ऐकायचे आणि निघून जायचे. एवढ्या वर्षांत माझ्या लेकीबद्दल कुणी मला काही विचारलं नव्हतं. शेवटच्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं नाही. मी वाट बघितली, मग आपणहूनच सांगितलं, की चांगली आहे, उन्हाला घेऊन बसलेय. त्यांना ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही.